डावीकडे ग्रीक, उजवीकडे व्हिएतनामी

पाण्याच्या तांब्याला चिठ्ठ्या दोन चिकटवायच्या की एकच पुरे, यावरून सकाळपासून घरात वाजलं होतं. आप्पांचं म्हणणं, नियम म्हणजे नियम. खुर्चीला दोन, दाराला दोन, तर तांब्यालाही दोनच. बाईंचं म्हणणं, "पाण्याला ग्रीकमध्ये काय म्हणतात ते मी विसरणार आहे थोडीच? ते कशाला लिहून लावायचं?" एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेल्या कपबशा पुन्हा धुवायला लागल्या. आप्पांनी मुकाट्याने दोन्ही चिठ्ठ्या लावल्या. त्या कपबशांचं कारण त्यांना ठाऊक होतं.

आप्पा आणि बाईंना दोन मुलं. दोन्ही शिकायला म्हणून परदेशी गेली आणि तिकडचीच झाली. मुलीने ग्रीक नवरा केला, मुलाने व्हिएतनामी बायको. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. जावई देवमाणूस, सून लाखात एक. अडचण पुढच्या पिढीची होती. मुलगी दिवसभर नोकरीवर, त्यामुळे नातू वाढला तिकडच्या आजीच्या मांडीवर, ग्रीक ऐकत. मुलाकडेही तेच, नात वाढली आपल्या आजोळी, व्हिएतनामी ऐकत. दर रविवारी दोघं फोनच्या पडद्यावर यायची, हात हलवायची आणि बाईंचं "जेवलास का रे राजा" पुरं होईपर्यंत पडद्याबाहेर पळायची. मागे रिकामी खुर्ची दिसत राहायची. मुलगी ओशाळून म्हणायची, "आई, त्याला कळत नाही गं." बाई म्हणायच्या, "असू दे. खुर्ची तर दिसली."

आणि मागच्या खेपेला तर फारच झालं होतं. नातू पहिल्यांदा घरी आला होता, आणि मुलगी काही कामासाठी त्याला बाईंजवळ ठेवून बाहेर गेली होती. पोर दुपारभर "नेरो, नेरो" करत रडलं. बाईंना वाटलं, नेरो म्हणजे तिकडचा कुणी मित्र असेल, नाहीतर घरचा कुत्रा. त्या त्याला थोपटत राहिल्या. "येईल हं नेरो. कामाला गेलाय नेरो. संध्याकाळी येईल." संध्याकाळी मुलगी आली, तिने पेलाभर पाणी दिलं, पोर ते घटाघटा प्यालं आणि राहिलेले दिवस आजीकडे पाठ फिरवून बसलं.

"तहानेनं व्याकूळ झालेलं लेकरू, आणि मी बया त्याला अंगाई म्हणतेय," बाई अजून म्हणायच्या. आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला शिकवलेली बाई. रडणाऱ्या पोराला काय हवंय हे नुसत्या नाकावरून ओळखणारी. आणि स्वतःच्या नातवाची तहान ओळखता आली नाही. हे त्यांना फार लागलं होतं.

म्हणून या वेळी, दोन्ही मुलं आपापल्या पोरांना घेऊन एकाच आठवड्यात येणार असं ठरलं, तेव्हा बाईंनी फर्मान काढलं. "अहो, आपण शिकायचं. दोन्ही भाषा. पोरांना काही सांगायचं नाही, एकदम चकित करायचं."

"दोन्ही भाषा? या वयात? मला सकाळी कवळी कुठे ठेवली ते आठवत नाही!"

"मग एक तुम्ही, एक मी."

वाटणी सोपी झाली. मुलगी आप्पांची लाडकी, म्हणून ग्रीक आप्पांकडे. मुलगा बाईंचा, म्हणून व्हिएतनामी बाईंकडे. वाटणी झाली आणि लगेच कुणाची भाषा जास्त कठीण यावरून भांडण जुंपलं, जसं काही दोघांनी ती भाषा स्वतः बनवली होती.

"माझी भाषा गाण्यासारखी आहे," बाई म्हणाल्या. "आवाज वर नेला तर एक अर्थ, खाली आणला तर भलताच. जरा सूर घसरला की आईचं भूत होतं, सांगते तुम्हाला."

"आणि माझ्या भाषेत खुर्ची ती, दरवाजा पण ती, टेबल मात्र ते. एकेकाचं लिंग पाठ करत बसा."

"मराठीत वेगळं काय करता? ती खुर्ची, तो दरवाजा, ते टेबल."

"ते पाठ नाही केलं मी. ते होऊन गेलं."

"माझ्या भाषेत तर 'मी' आणि 'तू' असं कोरडं कुणी बोलतच नाही. आजीनं नातीशी बोलताना स्वतःला आजीच म्हणायचं. आजी देते, बाळ घेतं. किती गोड!"

"तू मराठीत तरी दुसरं काय करतेस?" आप्पा म्हणाले. "माझ्याकडे ऐक. आजोबाला म्हणतात पापूस. पण हाक मारताना शेवटचा 'स' गाळायचा. नुसतं पापू."

बाईंना हसू आवरेना. "उभा जन्म आप्पा म्हणून काढलात आणि आता पापू!"

"आणि नात तुला काय म्हणणार?"

"बा."

"बा? अगं, बा म्हणजे बाप!"

दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. हसता हसता बाई म्हणाल्या, "आणि नातू मला याया म्हणेल. म्हणजे म्हणेल का हो? याया तर त्याची तिकडे आहे. तिला काही शिकावं लागत नाही. तिला तो रोज मिळतो." आप्पांनी चिठ्ठ्या कापायला घेतल्या.

चिठ्ठ्यांची पद्धत आप्पांची. टपाल खात्यात सगळी नोकरी त्यांनी पत्रं निवडण्यात घालवली होती. समोर कप्प्यांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि पत्ता वाचून पत्र त्या त्या कप्प्यात. आपल्या हातून एक पत्र कधी भलत्या कप्प्यात गेलं नाही, ही त्यांची आयुष्याची कमाई, आणि ती ते आल्यागेल्याला ऐकवत. तेव्हा घरातल्या प्रत्येक वस्तूवर दोन चिठ्ठ्या लागणार हे ओघानेच आलं. डावीकडे ग्रीक, उजवीकडे व्हिएतनामी. आप्पांनी येता-जाता फक्त डावीकडचं वाचायचं, बाईंनी फक्त उजवीकडचं. फोनमधली बाई शब्द बोलून दाखवायची आणि बाई तो आपल्या शाळेतल्या गोल अक्षरात देवनागरीत लिहायच्या. कागद सारखा, शाई सारखी, अक्षर सारखं. फरक एवढाच, डावं आणि उजवं.

"रंग वेगळे घेतले असते तर?" बाईंनी विचारून पाहिलं.

"पत्रांना काय रंग असतात? जागा महत्त्वाची. जागा चुकली नाही की काही चुकत नाही."

दोन दिवसांत घर चिठ्ठ्यांनी फुललं. पहिली गडबड शेजारच्या काकूंनी केली. त्या साखर मागायला आल्या आणि जाताना खुर्ची घेऊन गेल्या. आप्पा मागे धावले, तर त्या म्हणाल्या, "मला वाचता येतं हो. तुम्हीच लिहिलंय, घे." खुर्चीला व्हिएतनामीत तसंच काहीसं म्हणतात, हे त्यांना पटवून देता देता आप्पांना घाम फुटला. खुर्ची परत आली, पण काकूंचा चेहरा काही दिवस तसाच होता.

एवढं लिहिलं तरी दोघांना एक शब्द पाठ झाला नव्हता. शंभरदा लिहून काही लक्षात राहत नाही, हे वर्गातल्या पोरांना शिक्षा म्हणून लिहायला लावणाऱ्या बाईंना आता कळत होतं. पाठांतर सुरू करायचं, तर आप्पांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. नातवंडं येण्याआधी घराला रंगही द्यायचा होता. डोळ्याला धूळ नको, वास नको, म्हणून मधले दिवस बाईंच्या बहिणीकडे राहायचं ठरलं आणि घराची किल्ली रंगाऱ्याच्या हाती गेली.

ऑपरेशननंतर आप्पा एका डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते आणि बाई शेजारी बसून फोनशी खेळत होत्या. एकदम त्या म्हणाल्या, "अहो, ऐका ना. डोळ्याला ग्रीकमध्ये म्हणतात माती. आणि व्हिएतनामीत म्हणतात मात."

"मग?"

"मग काय मग! एवढे शब्द लिहिले, एक शब्द दुसऱ्यासारखा नव्हता. हा एकच जवळजवळ सारखा निघाला."

आप्पा पट्टीखालून म्हणाले, "वाटेकडे डोळे लावून बसणारी माणसं सगळीकडे सारखीच असतील."

"आणि माझ्या भाषेत अश्रूला काय म्हणतात माहितीय? नुअक मात. म्हणजे पाणी, डोळा. बस. किती सरळ माणसं असतील नाही?"

घरी परतले तेव्हा रंगारी दारातच उभा होता. भिंती छान झाल्या होत्या, आणि चिठ्ठ्या? चिठ्ठ्या होत्या. सगळ्या वस्तूंवर, जिथल्या तिथे.

"काका, तुमच्या त्या चिठ्ठ्या बघून माझी तर दांडी गुल झाली होती," रंगारी म्हणाला. "म्हटलं, हे मंत्रबिंत्र दिसतात. करणीचा प्रकार असायचा. एक जरी चिठ्ठी गहाळ झाली तर मलाच बाधायची. म्हणून खुर्चीच्या खुर्चीपाशी ठेवल्या, दाराच्या दारापाशी, आणि रंग वाळल्यावर परत चिकटवल्या. एक इकडची तिकडे नाही. मोजून घ्या."

आप्पा खूश झाले. "असा माणूस खात्यात असता तर!" असं म्हणून त्यांनी त्याला चहा पाजला.

आता आप्पांना नव्या डोळ्याने स्वच्छ दिसत होतं आणि पाठांतराने वेग घेतला. ते दारातून जाताना मोठ्याने म्हणायचे "कुआ", टेबलाला हात लावून "त्रापेझी", खुर्चीत बसताना "घे". बाई खिडकी पुसताना घोकायच्या "पाराथिरो, पाराथिरो". फोनमधल्या बाईला पुन्हा विचारावं, असं दोघांच्याही मनात आलं नाही. चिठ्ठ्या डोळ्यासमोर होत्या, मग विचारायचं कशाला?

मात्र भाषेचे अभ्यासक म्हणून दोघांनाही काही प्रश्न पडू लागले.

"ग्रीक भाषा मोठी विचित्र आहे गं," आप्पा म्हणाले. "त्रापेझी, क्रेवाती, असे दणदणीत शब्द चालले असतात आणि मधेच दार म्हणजे नुसतं कुआ. खुर्ची म्हणजे घे. ढेकर दिल्यासारखं."

"थोर संस्कृती आहे ती. मनाला येईल तसं वागत असतील. पण व्हिएतनामीतले शब्द तोकडे असतात म्हणून मी घेतली होती, आणि हे बघा. पाराथिरो!"

"खिडकी मोठी आहे आपली."

"आणि दुधाला गाला. यात आवाज वर कुठे न्यायचा?"

"तू सगळीकडेच वर ने. चुकलं तरी कळणार कुणाला?"

याप्रमाणे दोन्ही भाषांचा तौलनिक अभ्यास पुरा होऊन आप्पांनी निष्कर्ष काढला की ग्रीक आणि व्हिएतनामी या तशा बहिणी-बहिणीच आहेत, दोघींनाही धड शिस्त नाही. हे त्यांनी काकूंना जाऊन सांगितलंसुद्धा.

शेवटी तो दिवस उजाडला. मुलगा आणि मुलगी एकाच गाडीतून आली. जावयाला रजा नव्हती आणि सुनेची परीक्षा होती. दोन्ही पोरांची एकमेकांशी ही पहिलीच भेट. गाडीत एक या खिडकीला, एक त्या खिडकीला चिकटून बसलेलं. बाई पाण्याचा पेला घेऊन दारातच उभ्या होत्या, केव्हापासून कोण जाणे. नातू पायरी चढला तशा त्या खाली वाकल्या आणि जपून जपून ठेवलेला शब्द त्यांनी काढला. "नेरो?"

नातवाने पेल्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि नको म्हणून मान मागे टाकली. त्याला तहान नव्हती. गाडीत भरपूर पाणी पिऊन आला होता. बाई पेला घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"आधी बसू तर दे त्याला," म्हणत आप्पांनी सूत्रं हातात घेतली. दोन्ही पोरं आपापल्या आईबापाच्या पायांमागे लपली होती. आप्पांनी खुर्ची पुढे ओढली, नातवाकडे पाहिलं, छाती भरून घेतली आणि म्हणाले, "घे!"

नातू दगडासारखा उभा. पण मुलाच्या पायामागून नात निघाली, टुणटुण चालत आली आणि खुर्चीवर चढून बसली.

"अगं, तू नाही, दादा!" आप्पा गोंधळले. तेवढ्यात बाईंनी पेला ठेवून दुधाचा कप उचलला होता. तो नातीपुढे धरून त्या आवाज चांगला वर चढवून म्हणाल्या, "गाला?" नातीने ढुंकून पाहिलं नाही. नातू मात्र सरळ आला, कप घेतला आणि ओठांवर पांढरी मिशी काढून उभा राहिला.

आप्पांनी पाठीमागे लपवलेला चेंडू पुढे काढला. हा शब्द तर त्यांचा पक्का होता. नातवाच्या नाकासमोर चेंडू धरून ते ओरडले, "बाँग!" आणि नातीने खुर्चीवरून उडी मारून तो पळवला.

आप्पांची सगळी पत्रं पोचत होती, पण एकजात शेजारच्या घरी.

"आप्पा," मुलगा डोळे मोठे करून म्हणाला, "तुम्ही व्हिएतनामी कधी शिकलात?"

"व्हिएतनामी? मी ग्रीक बोलतोय!"

"नाही हो. आणि आई, तू ग्रीक बोलतेयस!" मुलगी म्हणाली. मुलाने भोवती नजर फिरवली, चिठ्ठ्या वाचल्या, खुर्ची, दार, खिडकी, टेबल, आणि हळूहळू त्याचं तोंड उघडं पडलं. "हे डावं-उजवं कुणी केलंय?"

मग जे हसू फुटलं ते दोघा भावंडांना आवरेना. मुलगी भिंतीला टेकून हसत होती, मुलगा जमिनीवर बसला होता. पोरंही कशासाठी ते न कळता हसायला लागली. हसले नाहीत ते फक्त आप्पा. ते कोट चढवून रंगाऱ्याला बोलावायला गेले.

"मी काय चुकवलं, काका?" रंगारी छातीवर हात ठेवून म्हणाला. "खुर्चीच्या दोन्ही खुर्चीला आहेत की नाहीत?"

"आहेत. पण डावी कुठली आणि उजवी कुठली?"

"चिठ्ठीला डावं-उजवं असतं हे कुणी सांगितलं होतं मला? चप्पल आहे का ती?"

जागा चुकली नाही की काही चुकत नाही, हे आप्पांनीच म्हटलं होतं. जागेचा नियम तेवढा सांगायचा राहिला होता. ते जेवले नाहीत नीट. बाईंना म्हणाले, "अगं ऐकलंस का, सगळा जन्म दुसऱ्यांची पत्रं बरोबर पोचवली मी. स्वतःचं एक होतं, ते चुकलं." बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "उद्या सकाळी आपण सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा नीट लावू," त्या म्हणाल्या.

सकाळी आप्पा कात्री आणि डिंक घेऊन बाहेरच्या खोलीत आले, आणि दारातच थांबले. दोन्ही पोरं टेबलाखाली होती. आप्पांना पाहून नातू ओरडला, "पापू!" आणि नातही ओरडली, "पापू!" आप्पांनी सवयीने खिडकीकडे हात केला. "पाराथिरो," ते म्हणाले, कारण आता खरं ग्रीक कुठलं ते मुलीने सांगितलं होतं. नातू उठला, नातीचा हात धरला आणि तिला खिडकीपाशी नेऊन खिडकीवर थाप मारली. आप्पांनी जपून दुसरा शब्द टाकून पाहिला. "कुआ?" आता नातीने नातवाला ओढलं आणि दारापाशी नेलं. मग दोघंही वळून आप्पांकडे बघत राहिली, आता पुढे काय, अशा डोळ्यांनी.

आप्पांच्या तेव्हा ध्यानात आलं. आजोबांचं अर्धं बोलणं याला कळत होतं, अर्धं तिला. पुरा आजोबा कळायला दोघंही लागत होती. म्हणून तर काल गाडीत दोन खिडक्यांना चिकटलेली ही पोरं आज एकमेकांचा हात सोडत नव्हती.

बाई मागे येऊन उभ्या होत्या. आप्पांनी एका चिठ्ठीला नख लावलं, तर त्यांनी मनगटच धरलं. "हात लावाल तर बघा."

"पण चूक आहे गं ती!"

"राहू दे चूक. बरोबर केलीत की हा तुमच्याकडे बसेल, ती माझ्याकडे बसेल, आणि ती दोघं पुन्हा दोन खिडक्यांना."

मग घरात जी भाषा सुरू झाली ती फोनमधल्या बाईलाही ऐकून भोवळ आली असती. सकाळी दोघं मिळून "गाला" मागायची. खुर्ची "घे" झाली ती झाली. आप्पा जाणूनबुजून भाषा बदलून बोलायचे आणि पोरं एकमेकांना ढोसून अर्थ सांगायची. नातीने आजीला "बा" म्हटलं, तर नातूही "बा" म्हणायला लागला. याया त्याची तिकडे होती. बा मात्र त्याला एकच होती. आणि बाईंचा तो जुना शब्द सुटता सुटत नव्हता. पोर दिसलं की "नेरो?", खेळून आलं की "नेरो?". एवढ्या वेळा विचारलं की नातीलाही तो पाठ झाला. तिसऱ्या की चौथ्या दुपारी नातू धापा टाकत स्वयंपाकघरात आला, बाईंचा हात ओढला आणि म्हणाला, "बा, नेरो."

बाईंनी पेला भरला. भरतच राहिल्या. पाणी पेल्यातून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर गेलं तरी त्यांना भान नव्हतं. पोर मात्र पेला दोन्ही हातांनी धरून शांतपणे पीत होतं.

दिवस कसे संपले ते कळलं नाही. निघायच्या सकाळी बॅगा दारात आल्या आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. मुलगी उगीच पुन्हा पुन्हा मिठी मारत होती, मुलगा आप्पांना औषधांच्या वेळा सांगत होता, ज्या त्यांना पाठ होत्या. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. "रंगाचा वास अजून जात नाही घरातून," ते म्हणाले. "डोळा झोंबतो."

नात त्यांच्यासमोर उभी राहून निरखून बघत होती. मग तिने नातवाला कोपराने ढोसलं, आप्पांच्या गालाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "नेरो मात."

पाणी तिला या घरात नेरो म्हणूनच मिळालं होतं. डोळा तिच्या आईच्या भाषेतला होता. आणि नातवाला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. "नेरो," त्याने मान डोलावली, "माती." दोघं आप्पांच्या दोन बाजूंनी आली आणि आपापल्या बाहीने एकेक गाल पुसायला लागली. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला जोर लागत होता, पण आप्पा हलले नाहीत.

गाडी गेली. वळणावरून दिसेनाशी झाली तरी दोघं दारात उभी होती. मग आत आली. टेबलाखाली चेंडू राहिला होता.

रविवारी फोन आला, तो मुलीचा. "आई, काय करून ठेवलंत तुम्ही! शाळेत हा खुर्चीला 'घे' म्हणतो. त्याच्या बाईंनी मला बोलावून घेतलं." पाठोपाठ मुलगा पडद्यावर आला. "आणि हिच्या आजीला वाटतंय, नेरो म्हणजे कुणी मुलगा आहे. म्हणते, कोण हा नेरो, कधी येणार आहे?" बाई हसल्या, पण त्यांना त्या तिकडच्या आजीची एकदम माया आली. "तिला सांग," त्या म्हणाल्या, "पाणी दे म्हणावं. लगेच दे."

मग नातू आणि नात एकाच पडद्यावर आली आणि त्यांचं जे काही सुरू झालं त्यात आजी-आजोबांना जागाच नव्हती. बोटं दाखवत होती, वस्तू उचलून धरत होती, खदखदून हसत होती. या वेळी कुणी पळून गेलं नाही. आप्पा आणि बाई फोनसमोर गुपचूप बसून डोळे भरून बघत राहिली, आणि फोन बंद झाला तरी तशीच बसली.

थोड्या वेळाने बाई उठल्या. कागद कापला, गोल अक्षरात काहीतरी लिहिलं, मागे डिंक लावला.

"आता कशाला चिठ्ठी?" आप्पा म्हणाले. "आणि लावणार कुठे? डावीकडे की उजवीकडे?"

"मधोमध," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ती आप्पांच्या सदऱ्यावर छातीच्या मधोमध चिकटवली. आप्पांनी हनुवटी खाली करून उलटी अक्षरं वाचली. नेरो मात.

त्यांनी बाईंच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी चिठ्ठी अलगद सोडवली, पत्ता वाचावा तशी डोळ्यांजवळ धरली आणि बाईंच्या खांद्यावर नीट दाबून बसवली.

"पत्ता चुकला होता," ते म्हणाले.

बाईंनी ती काढली नाही.